जिनिंगमधे, मिलमधे माणूस गेला का हात गेला, तर मालकावर कोर्टात केस कशी उभी राहते

दिवाळी झाली का आपल्याकडे विदर्भात जिनिंगा (कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने) धडाधड सुरू होतात. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, आर्वी, अकोट, कुठंही जा, रात्रभर डबल रोलरचा आवाज. गोंदियाकडे राइस मिला, अकोल्याकडे दाल मिला, चंद्रपूर पट्ट्यात कोळसा अन् सिमेंट. अन् दर सीझनला पेपरात कोपऱ्यात चार ओळी येतात, पट्ट्यात अडकून मजूर ठार, नाहीतर सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरमधे हात गेला. त्या चार ओळींच्या पुढं काय होते हे कोणी लिहीत नाही म्हणून हे लिहून राहिलो. मोठं झालं आहे, पण ज्याच्या घरी असं घडलं त्यानं शेवटपर्यंत वाचा.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लोकांना वाटते का पोलिसात रिपोर्ट दिला म्हणजे मालकावर केस झाली. तसं नाही. रस्ते तीन आहेत अन् तिन्हीचे दरवाजे वेगळे. एक पोलिसांचा, म्हणजे निष्काळजीपणाचा गुन्हा. दुसरा कारखाना निरीक्षकाचा, म्हणजे मशीनला गार्ड नव्हतं, ट्रेनिंग दिलं नव्हतं असा सुरक्षेचा कायदा मोडला म्हणून खटला. तिसरा भरपाईचा. एकात तडजोड झाली म्हणून बाकीचे दोन आपोआप बंद होत नाहीत, अन् एक केला म्हणून दुसरा आपोआप सुरूही होत नाही. सगळ्यात जास्त दुर्लक्ष दुसऱ्याकडे होते, अन् मालक लोक घाबरतात ते पण त्यालाच, कारण त्यात लायसनवर ज्याचं नाव आहे तो सरळ सापडते.

सुरुवात दवाखान्यातून होते, पोलीस स्टेशनातून नाही

जखमीला ग्रामीण रुग्णालयात नेलं का सोबत बहुतेक ठेकेदाराचा माणूस असते. डॉक्टर विचारते, कसं झालं? हा पटकन म्हणते, "साहेब, गाडीवरून पडला." केसपेपरवर तेच लिहिल्या जाते अन् मग पुढं दोन वर्षं वकील त्या एका ओळीशी भांडत बसते. म्हणून घरचा माणूस पोचला का पहिलं काम, केसपेपर हातात घ्या अन् वाचा. "अमुक जिनिंगमधे काम करताना मशीनमधे हात अडकून" असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, टाइम पाहिजे, अन् एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) केली का ते विचारा. चुकीचं लिहिलं असेल तर तेव्हाच डॉक्टरला सांगा, जखमी बोलण्याच्या हालतीत असेल तर त्याच्याच तोंडून सांगू द्या. नागपूरला मेडिकल कॉलेजला रेफर केलं तर रेफर चिठ्ठीवर पण तेच आलं पाहिजे. सगळ्याचे फोटो काढून ठेवा, कागद हरवतात.

इकडं कारखान्यात तोवर काय होऊन राहिलं असते? मशीन धुणं. गार्ड लावणं. रात्रीतून वेल्डिंगवाला येते अन् सकाळी पंचनाम्याला पोलीस येतात तेव्हा पट्ट्यावर नवीकोरी जाळी, पिवळा रंग अजून बोटाला लागते. अशा वेळी सोबतच्या मजुरांपैकी कोणाच्या मोबाइलमधे आधीचा फोटो असेल तर तो सोन्यासारखा. पोरं जिनिंगमधे रील बनवतात, स्टेटस ठेवतात, त्यात मागं उघडा पट्टा दिसते. ते व्हिडिओ डिलीट होण्याआधी मागून घ्या, अन् फॉरवर्ड केलेलं नाही तर ज्याच्या फोनमधे मूळ आहे त्याला तो फोन जपून ठेवायला सांगा. पंचनामा होताना घरचा एखादा माणूस हजर राहावा, अन् "गार्ड नवीन आहे, रंग ओला आहे" हे पंचनाम्यात लिहा म्हणून सांगा. पोलीस नाही म्हणाले तर त्याच दिवशी वेगळा अर्ज लिहून द्या अन् पोच घ्या.

आता पोलिसांचं. माणूस गेला असेल तर पहिले मर्ग दाखल होते, अन् गोष्ट तिथंच झोपते. मर्ग म्हणजे गुन्हा नव्हे, फक्त मृत्यूची चौकशी. तुम्हाला पाहिजे एफआयआर. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम 106(1) म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत (जुन्या 304अ मधे दोनच वर्षं होती). हातपाय गेला असेल तर कलम 125, अन् मशीनबाबतच्या हयगयीचं वेगळं कलम 289. ठाणेदार "चौकशी चालू आहे" म्हणून फिरवत असेल तर सुप्रीम कोर्टाचा 2013 चा ललिता कुमारी निकाल आहे, दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते. तरी नाही घेतली तर एसपीला लेखी अर्ज, अन् तिथंही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं. एफआयआरची कॉपी फुकट भेटते, अन् तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत तुम्हाला कळवायचं असते. 106(1) जामीनपात्र आहे हे पण समजून घ्या, मालक लगेच सुटून आला म्हणून "केस दाबली" असं समजून हातपाय गाळू नका.

खरा खटला निरीक्षक करते, तुम्ही नाही

हे नीट वाचा. सुरक्षा कायद्याचा खटला तुम्ही स्वतः वकील लावून सरळ कोर्टात टाकू शकत नाही. जुन्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 105 मधे लिहिलंच आहे का निरीक्षकानं केलेल्या तक्रारीवर किंवा त्याच्या लेखी पूर्वमंजुरीनंच कोर्ट दखल घेईल. निरीक्षक म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी, गावाकडं लोक त्याला फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतात. तो बसते दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूरला, अन् त्याला कळवण्याची जबाबदारी मालकाची असते. आता ज्याच्यावर खटला होणार तोच कळवणार, मग कसं कळवते ते तुम्ही समजून घ्या. "किरकोळ दुखापत, कामगाराच्या चुकीनं", एवढंच.

म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम हे, का निरीक्षकाला तुमच्याकडून, लेखी, तारखेसह कळलं पाहिजे. तारखेचं महत्त्व काहून, तर खटल्याची मुदत निरीक्षकाला गुन्हा कळला त्या दिवसापासून मोजतात. जुन्या कायद्यात ती फक्त तीन महिने होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 लागू झाली, तिच्यात सहा महिने. मुदत टळली का केस संपली, मग गार्ड नव्हतं हे उघड दिसत असलं तरी कोर्ट काही करू शकत नाही. तुमच्या अर्जाची पोच तुमच्याजवळ असली का ऑफिसात कोणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही, अन् फाइल मुदतीबाहेर जाऊ द्यायलाही कचरतात.

अर्ज लंबाचौडा नको. असा लिहा:

"प्रति, उपसंचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य. विषय: दिनांक __ रोजी __ या कारखान्यात झालेल्या अपघाताची चौकशी करून खटला दाखल करण्याबाबत. महोदय, माझा भाऊ __ हा वरील जिनिंगमधे ठेकेदार __ मार्फत __ महिन्यापासून काम करत होता. दिनांक __ रोजी रात्री __ वाजता सरकीच्या कन्व्हेयरजवळ काम करताना त्याचा उजवा हात अडकला. त्या ठिकाणी गार्ड नव्हतं, मशीन बंद करण्याचं बटन जवळ नव्हतं, त्याला कोणतंही प्रशिक्षण दिलं नव्हतं. सोबत काम करणारे __, __ हे साक्षीदार आहेत, त्यांचे मोबाइल नंबर सोबत दिले आहेत. अपघातानंतर दिनांक __ रोजी मशीनला नवीन गार्ड बसवण्यात आलं, आधीचे फोटो जोडले आहेत. तरी घटनास्थळाची पाहणी करावी, आमचे जबाब घ्यावेत व भोगवटादार आणि व्यवस्थापकाविरुद्ध मुदतीत खटला दाखल करावा. केलेल्या कारवाईची माहिती मला लेखी द्यावी."

रागाच्या गोष्टी, मालकाचे राजकारणी पाहुणे, हे त्यात घालू नका. कोणत्या मशीनवर, किती वाजता, काय नव्हतं, एवढंच. स्पीड पोस्टानं पाठवा (रजिस्टरी आता त्यातच गेली), पावती फाइलला लावा, सोबत ईमेल पण करा. एक कॉपी जिल्हाधिकारी कार्यालयात आवक-जावकला देऊन शिक्का घ्या. जुन्या कायद्यात तर जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी हा स्वतःच आपल्या जिल्ह्याचा निरीक्षक होता, हे पुष्कळ तहसीलातल्या बाबू लोकांनाही माहीत नसते.

मृत्यू झाला असेल तर चौकशी करणं निरीक्षकाच्या मर्जीवर नाही. जुन्या कायद्यात नोटीस भेटल्यापासून एका महिन्यात, नव्या संहितेत दोन महिन्यांत चौकशी करावी लागते. तेवढे दिवस गेले का माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अन् तीन गोष्टी मागा: अपघाताची मालकानं दिलेली नोटीस, निरीक्षकाचा चौकशी अहवाल, अन् कारखान्याच्या लायसनची कॉपी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. अहवालाला कधी कधी "तपास चालू" म्हणून नकार येते, तरी लायसनची कॉपी सहसा निघते, अन् ती फार कामाची आहे.

आरोपी कोण?

कामाची काहून ते सांगतो. एफआयआरमधे बहुतेक वेळा नाव कोणाचं येते? सुपरवायझरचं, नाहीतर मशीन ऑपरेटरचं, जो स्वतःच दिवसाच्या हाजरीवर आहे. मालक बाजूला. पण सुरक्षा कायद्यात जबाबदार असते भोगवटादार (कारखान्याच्या कारभारावर ज्याचा शेवटचा ताबा असते तो) अन् व्यवस्थापक. भागीदारीची जिनिंग असेल तर भागीदारांपैकी कोणीही भोगवटादार धरता येते, कंपनी असेल तर संचालक. कंपनीनं एखाद्या पगारी मॅनेजरला कागदोपत्री भोगवटादार करून निसटायचं हे चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 1996 मधे जे. के. इंडस्ट्रीजच्या केसमधे हे साफ केलं. आपल्याकडं तर जिनिंग एकाची, सीझनपुरती भाड्यानं दुसऱ्याची, मजूर तिसऱ्या ठेकेदाराचे, अन् विचारलं का तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. लायसन कोणाच्या नावावर आहे ते हातात असलं का हे बोट दाखवणं बंद होते.

मालकाकडं एक जुनी पळवाट आहे, कारखाने अधिनियमाचं कलम 101. मी सगळी काळजी घेतली होती, हा अपघात या ऑपरेटरमुळं झाला, असं म्हणून तो ऑपरेटरला कोर्टात उभा करू शकते. पण मग सगळी काळजी घेतली हे त्यानंच सिद्ध करायचं. ट्रेनिंगचं रजिस्टर दाखव, गार्डचं बिल दाखव, तारीख दाखव. तिथं बरेच अडकतात.

"त्याचीच चूक होती, दारू पिऊन होता", हे तर हमखास ऐकू येईल, अन् गावातले लोकही मान डोलावतात. अहो, माणूस रात्रपाळीत दमते, झोप येते, हात पुढं जाते, म्हणूनच तर गार्ड लावायला कायदा सांगते. भरपाईच्या बाबतीत तर मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर दारूचा हा बचाव कायद्यानंच काढून टाकलेला आहे.

कोर्टात काय होते, शिक्षा किती

केस चालते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं. निरीक्षक तक्रारदार, समन्स निघते, मालक वकिलासोबत येते. यानंतर जे होते ते कडू आहे, पण माहीत असू द्या: पुष्कळदा मालक गुन्हा कबूल करते, दंड भरते अन् अर्ध्या तासात निघून जाते. जुन्या कायद्यात कलम 92 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अन् मृत्यू झाला असेल तर दंड कमीत कमी 25 हजार, गंभीर दुखापतीला कमीत कमी 5 हजार. पंचवीस हजार! बैलजोडी येत नाही त्यात. नव्या संहितेत हे बदललं, मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी 5 लाख दंड किंवा दोन्ही, गंभीर दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड किंवा दोन्ही. अन् कोर्ट त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला सांगू शकते. "सांगू शकते" आहे, आपोआप नाही, म्हणून कोर्टात तुमच्यातर्फे कोणी तरी उभं राहून मागणी केली पाहिजे. तुमचा अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा असेल तर मात्र जुनीच शिक्षा लागेल, गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा धरतात.

म्हणून तारीख माहीत ठेवा. केस नंबर निरीक्षकाच्या ऑफिसातून घ्या अन् ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा पाहत राहा, गावातल्या पोराला दोन मिनिटांचं काम आहे. मालक गुन्हा कबूल करणार त्या दिवशी तुम्ही कोर्टात नसाल तर जजसाहेबांसमोर कोण असते? मालक, त्याचा वकील अन् एक फाइल. तुम्ही अर्ज दिला, घरात कोण कमावते, लेकरं किती, हात कुठून कापला, तर ते रेकॉर्डवर येते. पोलिसांच्या केसमधेही भरपाईचा आदेश द्यायचा अधिकार कोर्टाला आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 395. आरोपी सुटला किंवा भरपाई फारच कमी दिली तर पीडित म्हणून अपीलही करता येते.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला पण समिती असते, फोन 15100. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना वकील फुकट भेटते, बायांना अन् जाती-जमातीला तर उत्पन्नाची अटच नाही.

पैशाचा कागद

तेराव्याच्या आधीच मालकाचा माणूस घरी येते. सोबत गावातलाच कोणी पुढारी. दोन-तीन लाखाची गोष्ट, शंभराचा स्टॅम्प पेपर, "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, अपघात मयताच्या चुकीनं झाला" असं टाइप करून आणलेलं. घरात पैसा नाही, दुःख ताजं आहे, सही होते. पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही, चूल पेटवायची असते. पण त्या कागदावर सही नको. मृत्यूची भरपाई कायद्यानं आयुक्तासमोर म्हणजे कोर्टात जमा करावी लागते, परस्पर वारसाच्या हातात दिली तर ती भरपाई धरतच नाहीत, अन् भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल असते. त्यांनी पैसे दिलेच तर साधी पावती द्या, "खर्चासाठी इतके रुपये भेटले", बस.

हिशोब पण पाहून घ्या, मग दोन-तीन लाख किती ते कळेल. कर्मचारी भरपाई कायदा 1923 प्रमाणे मृत्यू असेल तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा. मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात, हे 2020 पासून. वय 40 असेल तर आकडा 184.17, म्हणजे 7,500 गुणिले 184.17, तेरा लाख एक्क्याऐंशी हजार दोनशे पंच्याहत्तर. वय 30 असेल तर 207.98, साडेपंधरा लाखाच्या वर. हात-बोटं गेली तर कमाईची ताकद किती गेली याची टक्केवारी ठरलेली आहे, अंगठा 30 टक्के, एका हाताची चारही बोटं 50 टक्के. एक महिन्यात दिले नाही तर 12 टक्के व्याज, वरून दंड वेगळा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाकडून वसूल होते. दावा दोन वर्षांत टाका. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मोजायची रीत तीच आहे. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर मात्र रस्ता वेगळा, मग पेन्शन ईएसआयकडून.

छोट्या मिलवाल्यांच्या मजुरांचा प्रश्न येते, आमच्याकडं आठच माणसं आहेत मग? पोलीस केस अन् भरपाई याला माणसांचा आकडा लागत नाही, एक मजूर असला तरी चालते. सुरक्षेच्या नव्या संहितेत कारखाना धरायला विजेवर 20 अन् बिनविजेचे 40 मजूर लागतात, पण 10 मजूर असलेल्या आस्थापनेलाही सुरक्षेची जबाबदारी आहे, अन् ठेकेदाराचे मजूर त्यात मोजायचे. मालक हजेरीत आठ दाखवते अन् जेवायला बसतात पंचवीस, म्हणून रोजच्या हजेरीचा, पाळीच्या चिठ्ठीचा, फोनपेवर आलेल्या मजुरीचा पुरावा जमा करा. कोळशाच्या खाणीचं असेल तर फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं जाऊ नका, तिथं खाण सुरक्षा महासंचालनालय, त्यांचं ऑफिस नागपूरला आहे. अन् वावरातल्या फवारणीचं काय? 2017 मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, पण वावर म्हणजे कारखाना नाही, त्यामुळं यातला निरीक्षकाचा रस्ता तिथं चालत नाही.

शेवटची गोष्ट साक्षीदारांची, अन् इथंच केसा पडतात. जिनिंगचे मजूर कुठले असतात? मेळघाटचे, छिंदवाडा-बालाघाटकडचे. होळीला गावी जातात अन् पुढच्या सीझनला दुसऱ्याच जिनिंगला. समन्स निघेपर्यंत ठेकेदाराकडं दिलेला नंबर बंद. म्हणून सीझन संपायच्या आत, जे दोघं-तिघं त्या पाळीत मशीनजवळ होते त्यांचं गावाचं नाव, पोस्ट, तालुका, आधारवरचं नाव अन् घरच्या कोणाचा तरी दुसरा नंबर लिहून घ्या, अन् तपास अधिकाऱ्याला लेखी मागणी करा का यांचे जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली नोंदवा. बाहेरगावच्या साक्षीदाराचा यायचा खर्च कोर्टाकडं मागता येते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांची मजुरी बुडवून कोण येईल.